पर्यंत

कोळेकल्याणच्या आमच्या घरावरून विमानं जातात,
इतकी खालून की पोटावरचे खिळे मोजावेत.
पाहुणे दचकतात.
आम्ही फक्त थांबायचो
वाक्य जिथे असेल तिथे,
घास धरावा तसा शब्द तोंडात धरून,
विमान जाईपर्यंत.

नताल, त्रेचाळीस वर्षांचा आपला संसार
असा मध्ये मध्ये थांबलेला आहे.
कुणी हिशोब मांडला तर
वर्ष-दोन वर्षं तरी आपण
नुसतेच एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो असू.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी
उमराचं पाणी आणायला निघालो, पुढे बँड, मागे लुगडी.
त्या विहिरीवर आता जाळी आहे,
जाळीवर कुणाची तरी मोटारसायकल.
फ्लोरीमावशी म्हणाली, सांडू नको,
सांडशील तेवढं रडशील.
मी सांडलं. थोडंसं, मुद्दाम.
बघू तरी.

दुसऱ्या दिवशी देवळात
तू सुखात म्हणालास, दुःखात म्हणालास, आजारातही,
आणि 'मरणापर्यंत' म्हणायचं तिथे
नेमकं डोक्यावरून विमान.
तुझे ओठ हलले.
पाद्रींनी मान डोलावली.
मला काही ऐकू आलं नाही.

माझ्या वेळी मात्र आभाळ रिकामं.
मी स्वच्छ म्हणाले,
शेवटच्या बाकावर
तुझ्या बहिऱ्या काकालाही ऐकू गेलं म्हणे.

म्हणजे बघ, सुटायचं तर मीच सुटले.

जेसिंता कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते.
सांगत होती, ओढ असते ती नसलेल्याची,
मिळालं की ओढ संपते,
ग्रीकांनी हे केव्हाच सांगून ठेवलंय.
मी फुग्यांचं पीठ फेटत होते, कोपरापर्यंत.
म्हटलं, तुझ्या ग्रीकांच्या घरी
संध्याकाळी कुणी परत येत नसेल.
तू समोर असायचास,
दिवसभर जिने चढलेले पाय बादलीत सोडून,
परक्या घरांच्या मीटरचे आकडे पुटपुटत,
आणि मला तुझी आठवण यायची.
हात पुरेल इतक्या अंतरावरून.
हे कशात मोडतं, विचारलं.
ती म्हणाली, आई, तेल तापलंय.

नव्या फादरांनाही विचारून पाहिलं.
पोरसवदा आहेत, गोड बोलतात.
म्हणाले, तिकडे लग्न नाही, बाय.
कुणी कुणाची बायको नाही, कुणी नवरा नाही,
सगळ्यांची तोंडं देवाकडे.
म्हटलं, असू देत देवाकडे,
पण शेजारी बसवतील ना?
ते हसले. काहीतरी सांगायला तोंड उघडलं,
तेवढ्यात विमान.
ते गेल्यावर फादर
छताच्या पंख्याकडे बघत राहिले.

एका वर्षी विमानं बंदच झाली, आठवतं?
दोन महिने गावठाणावर नुसतं आभाळ.
कावळा फांदी बदलायचा तेही ऐकू यायचं.
म्हटलं, आता बोल की, सलग.
तू म्हणालास, काय बोलू, सवय नाही.

तेव्हाच विचारलं होतं मी:
त्या दिवशी वेदीपुढे शेवटी काय म्हणालास?
तू वर्तमानपत्रावर नखं कापत होतास.
म्हणालास, पाद्रींनी सांगितलं तेच.
मग अंगठा संपवून, मान वर न करता:
बहुतेक.

त्या 'बहुतेक'वर मी दिवस काढते.
चांगला शब्द आहे. टिकतो.

अजून विमान आलं की थांबते मी,
रिकाम्या खोलीत,
अर्धं वाक्य धरून.
ते जातं. वाक्यही जातं कधीकधी.

काल तुझ्या खात्याचा नवा पोरगा आला.
जिन्याखाली वाकला,
टॉर्च मारून म्हणाला,
युनिट फारच कमी पडलेत, मावशी.
म्हटलं, चुकलं असेल तुझं.
काच पूस.
परत वाच.